बटणांची बरणी

शरीफुन्निसाने सांदणं केली होती, म्हणजे घरात काहीतरी जिंकायचं होतं. महमूद नोकरीला लागला तेव्हा, आकिबने हमद टाउनला मोबाइलचं दुकान घेतलं तेव्हा आणि सुहा ती कसलीशी अवघड परीक्षा पास झाली तेव्हा, अशा तीन वेळाच बहारीनमधल्या सलमानियाच्या या फ्लॅटमधला सांदणांचा वास जिन्यापर्यंत गेला होता. आज चौथी खेप. जुम्म्याची नमाज आटोपून दोन्ही मुलगे बायकांना घेऊन आले, पोटभर जेवले, आणि दस्तरखान उचलल्याबरोबर महमूदने त्याच जागी कागदांचा गठ्ठा मांडला.

रविवारी सकाळी तो गठ्ठा सेंट्रल बँकेत जायचा होता. पैसे पाठवायचं दुकान काढायचं तर नुसती जागा, काच आणि पाटी असून भागत नाही. लायसन्स लागतं, आणि ते देण्याआधी बँक माणसाला उलटा टांगून झटकून बघते, खिशातून काय पडतं ते. भांडवल कुठून आलं, भागीदार कोण, त्यांनी आजवर काय काय केलं. मोठा हिस्सा बहारीनी भागीदाराचा होता, त्याचे कागद झाले होते. महमूदचे झाले, आकिबचे झाले. राहिली होती शरीफुन्निसा. नवरा अझहर गेल्यावर त्याच्या मागे राहिलेली सगळी पुंजी तिने या दुकानात घातली होती, म्हणून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तीही भागीदार होती आणि तिच्या नावाची वीस पानं भरायची होती.

तिला त्याचं ओझं नव्हतं. उलट सकाळपासून ती त्या वीस पानांची वाट बघत होती. श्रीवर्धनकडच्या ज्या गावात तिची शाळा चौथीत सुटली, तिथल्या कुठल्या पोरीला एका देशाच्या बँकेने वीस पानं भरून प्रश्न विचारले होते?

सुहा खाली मांडी घालून बसली होती, हातात पेन. महमूदची ही मुलगी इथल्याच इंग्रजी शाळेत शिकली, मराठी तिला सगळं कळायचं पण बोलताना अर्ध्या वाटेत गाडी बदलायची. दुकानात कायदा पाळला जातो की नाही हे बघणारं एक माणूस नावानिशी बँकेला द्यावं लागतं. ते नाव सुहाचं दिलं होतं. त्यासाठी तिने अदलियातली चांगली नोकरी सोडली होती. या कागदांत काही खोटं निघालं, तर दुकान तर जाईलच, पण ज्या धंद्यात ती शिकली त्या धंद्यात तिला पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं. हे महमूदने आईला दहा वेळा सांगितलं होतं, अर्थात दुसऱ्याच कारणासाठी. आईने गप्प राहून सही करावी म्हणून.

नाव, बापाचं नाव, जन्मगाव, शिक्षण. ‘चौथी’ असं लिहिताना सुहाने मान वर केली नाही, ते शरीफुन्निसाला आवडलं. कर्ज आहे का, नाही. कधी कोर्टात उभं राहावं लागलं का, नाही, एकदा मच्छीवाल्याशी भांडण झालं होतं पण ते रस्त्यावरच मिटलं. सतराव्या पानावर सुहा थांबली. तिने प्रश्न एकदा मनात वाचला आणि मग हळूहळू मराठीत सांगितला. लायसन्स नसताना दुसऱ्यांचे पैसे एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचं काम तुम्ही कधी केलं आहे का?

“नाही,” आकिब म्हणाला. “पुढचं वाच.”

“कोणाला विचारलंय?” शरीफुन्निसा म्हणाली. “तुला, की मला?”

“अम्मा, सगळे नाहीच लिहितात.”

“सगळ्यांनी केलं नसेल. मी केलंय.”

महमूदने चष्मा काढून पुसला. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या काचेमागे बसून त्याने दुसऱ्याच्या दुकानातून लोकांचे पैसे पाठवले होते, आणि आता स्वतःच्या काचेमागे बसायची वेळ एका पानावर येऊन अडली होती. तो नेहमीच्या मऊ आवाजात आईला समजावू लागला. ते दिवस वेगळे होते, बाबा होते, कोणाच्या गावात बँक नव्हती, तू जे केलंस ते लोकांवर उपकार म्हणून केलंस, त्याला धंदा कोण म्हणेल. म्हणून नाही लिहिलं तर ते खोटं होत नाही.

शरीफुन्निसाने सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्टुलावर चढली. मोठी सून हिना मागे धावली, अम्मा तुम्ही उतरा मी देते, पण तोवर ती फळीवरची लोणच्याची काचेची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली उतरली होती. बरणीत लोणचं नव्हतं. बटणं होती, गळ्यापर्यंत. शिंपल्याची, हाडाची, पितळेची, प्लॅस्टिकची.

घरातल्या सगळ्यांना त्या बरणीची गोष्ट पाठ होती, पण ती सांगायला लागली की थांबवायची कोणाची छाती नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा अझहर बाजारात एका कापडाच्या दुकानात कारकून होता आणि ती मुहर्रकच्या बायकांचे कपडे शिवायची. शिंपिणीच्या घरी बटणांना काय तोटा. गावचे, खाडीपलीकडचे, दापोलीकडचे लोक मजुरीला आलेले, महिनाअखेर पगार हातात, आणि घर समुद्रापलीकडे. ते तिच्याकडे पैसे आणून द्यायचे. वहीत हिशोब मांडायचं तिला जमत नव्हतं, म्हणून तिने प्रत्येक घराला एक बटण दिलं. गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पैसे जायचे आणि सोबत त्या घराचं बटण. घरच्यांनी पैसे घ्यायचे आणि बटण पुढच्या येणाऱ्या माणसाच्या हाती परत धाडायचं. बटण आलं की ती ते पाठवणाऱ्याला दाखवायची आणि बरणीत टाकायची. काचेवर टक् असा आवाज झाला, की काम झालं.

“एकच आलं नाही,” ती म्हणाली. “चामड्याचं, तपकिरी. मुंबईला उतरल्यावर त्या माणसाची बॅग गेली. मी माझी मशीन विकली आणि महिन्याच्या आत पैसे पुन्हा धाडले. वर्षभर हाताने शिवलं. बोटांची चाळण झाली. आणि हा म्हणतो, नाही लिही. म्हणजे माझी चाळीस वर्षं झालीच नाहीत?”

“झाली,” आकिब म्हणाला, “पण ती बँकेला कशाला सांगायची? अम्मा, तुझ्या एका हो वर दुकान बुडेल. बंद करून किती वर्षं झाली त्याला. खलास. कोण उठून विचारणार आहे?”

धाकटी सून ताहेरा इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिचे कान कधी मोबाइलमध्ये नसत. ती म्हणाली, एवढा प्रश्न आहे तर अम्मांचा हिस्साच काढून टाका की, म्हणजे कागदही नको आणि प्रश्नही नको. त्यावर महमूद पटकन म्हणाला, की तसं असेल तर तो स्वतःच्या नावावर करून घ्यायला तयार आहे. हे तो जरा जास्तच पटकन म्हणाला. आकिबने भावाकडे पाहिलं. आत्तापर्यंत एका सुरात नाही म्हणणारे दोन भाऊ एका क्षणात दोन बाजूंना झाले, आणि हिस्सा कोणाचा, पुंजी बाबांची होती की अम्माची, यावरून आवाज चढू लागले.

शरीफुन्निसा बरणी मांडीवर घेऊन बघत राहिली. मेलेल्या माणसाच्या चपला वाटून घेतात तसे हे माझा हिस्सा वाटून घेतायत, आणि माझीच सांदणं यांच्या पोटात आहेत.

तेवढ्यात बेल वाजली.

हिनाने दार उघडलं. बाहेर महादेव उभा होता. पंचेचाळिशीचा, डोक्यावर टोपी, कामाचे बूट हातात. प्लंबर. हमद टाउनला कंपनीच्या खोलीत राहायचा. गाव शरीफुन्निसाच्या गावाच्या खाडीपलीकडे.

“चाची, काल ओव्हरटाइम लागला,” तो दारातूनच म्हणाला, “म्हणून आज आलो. आई विचारत होती, बटण कधी येतंय.” आणि त्याने खिशातून पाकीट काढून सवयीने पुढे केलं.

शरीफुन्निसाने आयुष्यात फार थोड्या वेळा खाली पाहिलं होतं, त्यातली ही एक. महादेवला तिने सांगून ठेवलं होतं, गुरुवारी दुपारी येत जा, घरात कोणी नसतं तेव्हा. अझहर गेल्यावर तिने काम बंद केलं असं मुलं समजत होती, आणि तिने ते समजू दिलं होतं. बाकीची घरं गेली, कोणी बँकेतून पाठवू लागलं, कोणी फोनवरून. तीन म्हाताऱ्या राहिल्या होत्या, ज्यांना बटणाशिवाय पैसा आल्यासारखा वाटत नव्हता. तिघींसाठी काय दुकान बंद करायचं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

“बस,” ती महादेवला म्हणाली. “हिना, त्याला सांदण दे.”

महादेव दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर बसला. समोरच्या बशीकडे बघत तो हळूहळू खाऊ लागला, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे त्याला कळत नव्हतं.

आकिबचा संताप आता खाली येईना. आपण लायसन्स मागायला निघालोय आणि आपल्याच घरात विनालायसन्सचं दुकान चालू आहे, असं तो बोलत सुटला. उद्या कोणी महादेवला धरून विचारलं तर तुरुंग आहे, दंड आहे, सगळ्यांचा व्हिसा जाईल. महमूद काहीच बोलला नाही, आणि ते शरीफुन्निसाला जास्त लागलं. सुहाने पेनाचं टोपण लावलं. तेवढा बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला.

“सुहा,” शरीफुन्निसा म्हणाली, “तूही बोल. सगळे बोलले.”

“मी साइन नाही करू शकत दादी. नो लिहिलं तर नाही. आता मला माहीत आहे.”

“मग लिही ना हो. मी तेच म्हणतेय मघापासून.”

“तू हो म्हणतेयस कारण तू प्राउड आहेस. तुला वाटतं तो रूल चोरांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.”

“चोर मी कधी होते?”

सुहाने पेन खाली ठेवलं. मग तिने विचारलं, “गुदैबियाचा अत्तरवाला आठवतो?”

त्या नावावर शरीफुन्निसाच्या तोंडाला कडू आलं. तोही हेच काम करायचा. गोड बोलायचा, प्रत्येकाच्या मनगटाला फुकट अत्तर लावायचा. एक दिवस खोली रिकामी सापडली, आणि अकरा घरांचे पैसे त्याच्याबरोबर गेले.

“बाबांनी सांगितलंय मला,” सुहा म्हणाली. “तो पळाला त्या दिवशी लोक तुझ्या दारात आले. आपले पैसे परत मागायला. तू काहीच केलं नव्हतंस. मग ते का आले?”

तो दिवस शरीफुन्निसाने कोणाला सांगितला नव्हता. महमूद तेव्हा कॉलेजात होता, त्याने दारामागून पाहिलं असणार. वीस माणसं जिन्यात उभी होती. तिच्याच गावची, तिच्याच हातचं खाल्लेली. त्यांतला एक तिच्या तोंडावर म्हणाला होता, चाची तुमचं काय सांगावं. तिने सगळ्यांचे पैसे तिथल्या तिथे काढून दिले होते, आणि पंधरा दिवसांनी तीच माणसं माना खाली घालून पुन्हा आली होती. पण ते वाक्य गेलं नव्हतं.

“बाहेरून तुम्ही दोघं सेम दिसत होतात दादी,” सुहा म्हणाली. “कोण पळणार आणि कोण मशीन विकणार, हे कोणाला कसं कळणार? अल्लाहला माहीत असतं, कस्टमरला नाही. म्हणून हे सगळं विचारतात. आधीच पैसे बाजूला ठेवायला लावतात, म्हणजे बॅग गेली तर कोणाला मशीन विकायला लागू नये.”

कोपऱ्यातून हिना बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती या खोलीत भांडणाच्या वेळी कधी बोलली नव्हती, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही कोण बोलतंय. ती म्हणाली, माझ्या मुलीचं नाव खोट्या कागदावर जाणार नाही, दुकान झालं नाही तरी चालेल, मी डबे करून घर चालवीन. महमूदने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच दारातून आली होती. आणि त्यावर ताहेराने मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “भाभीचं बरोबर आहे.” सोळा वर्षांत या दोघी कशावर एकमत झाल्या नव्हत्या, मटणात बटाटा घालावा की नाही यावरसुद्धा नाही. आकिब काही बोलणार होता, पण दोन बायकांकडे बघून त्याने तोंड मिटलं.

शरीफुन्निसा बरणी फिरवत होती. आत बटणं हळूच सरकत होती. मग ती म्हणाली, “म्हणजे हे लायसन्स म्हणजे बटणच. अनोळखी माणसांसाठी.”

“येस,” सुहा म्हणाली. “तसंच.”

“एवढं सरळ होतं तर वीस पानं कशाला काढली मेल्यांनी?”

पहिल्यांदा महमूद हसला, आणि मग त्याला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने हसण्यावर घातलं.

ती उठून दाराशी गेली. महादेवने घाईघाईने हात पुसले. तिने त्याचं पाकीट त्याच्या खिशात परत घातलं आणि खिशावर हात ठेवला. आजपासून माझ्याकडे आणायचे नाहीत, ती म्हणाली. रविवारी तुमच्या टाउनमध्ये जी काचेची दुकानं आहेत त्यांतल्या एकात जा, ओळखपत्राचं कार्ड घेऊन जा. बाकीच्या दोघांना मी सांगते.

“चाची, माझं काही चुकलं का?”

“तुझं नाही. माझं. यायला उशीर केलास ते बरं केलंस.”

महादेवला ते कळलं नाही. त्याने विचारलं, “पण आई बटणाशिवाय मानेल का?”

“काचेवाला कागद देतो. मागून घे, नाही दिला तर जागचा हलू नको. त्याचा फोटो आईला धाड. आणि ती नाही मानली तर माझा नंबर दे, मी बघते तिला.” मग तिने बरणीत बोट घालून ढवळलं आणि जांभळं, चार भोकांचं एक बटण काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. “हे तुमच्या घराचं. शर्टाला लाव.”

दार लागल्यावर ती परत जागेवर येऊन बसली, पदर नीट केला आणि सुहाला म्हणाली, लिही. तिने तोंडाने सांगितलं आणि सुहाने इंग्रजीत उतरवलं. हो, केलं. अमुक साली सुरू केलं, आज शुक्रवारी बंद केलं. कोणाकडून एक पैसा जास्त घेतला नाही. एक बटण परत आलं नाही, ते कसं भरलं तेही लिही. आकिब म्हणाला, बँकेला बटणाचं काय करायचंय. ती म्हणाली, त्यांनी विचारलंय, मी सांगतेय, तुला मध्ये बोलायला कोणी वीस पानं दिली होती?

सही तिने मराठीत केली. शरीफुन्निसा अझहर, प्रत्येक अक्षर वेगळं, वर रेघ सरळ.

पुढचे दोन महिने त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तिला एकदा बोलावणं आलं. सुहा बरोबर होती, पण एका हिजाबातल्या तरुण बाईने सुहाला बाहेर बसवलं आणि दुभाष्या लावून दोन तास शरीफुन्निसाला प्रश्न विचारले. काय विचारलं ते तिने घरी पूर्ण कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की पोरगी हुशार होती, एकच गोष्ट तीनदा तीन बाजूंनी विचारायची, आपल्या सुहासारखी. आणि शेवटी त्या पोरीने विचारलं, बरणी अजून आहे का.

पत्र आलं ते महमूदने गाडीतच फोडलं आणि वर येऊन आईसमोर ठेवलं. लायसन्सला तत्त्वतः मान्यता होती. एका अटीवर. शरीफुन्निसा अझहर यांचा कोणताही हिस्सा दुकानात राहता कामा नये, आणि त्यांनी दुकानाचं कोणतंही काम करू नये. हे वाचून दाखवताना महमूदची जीभ जड झाली. त्याला वाटत होतं, आता आकाश कोसळणार.

तिने पत्र हातात घेतलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी वरून खाली बघितलं. लागलं तिला, नाही असं नाही. मग तिने विचारलं, “म्हणजे मला बाहेर काढून बाकी सगळं चोख आहे असं लिहिलंय?”

“तसंच आहे, अम्मा.”

“मग ठीक आहे. खरं सांगून बाहेर पडले. खोटं सांगून आत बसले असते तर रोज दाराकडे बघावं लागलं असतं.”

हिस्सा कोणाला, हा प्रश्न महमूदने विचारला नाही आणि आकिबनेही विचारला नाही, दोघांनाही ते शिकायला दोन महिने लागले होते. तिने स्वतःच सांगितलं. निम्मा हिनाला, निम्मा ताहेराला. दोघींनी आपापली वीस पानं भरावीत आणि खरी भरावीत. आकिब म्हणाला, बायकांना काय कळतं धंद्यातलं. ताहेराने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

दुकान हमद टाउनला एका गोल चौकाजवळ उघडलं. पहिल्या दिवशी शरीफुन्निसा अबायाखाली जांभळी रेशमी साडी नेसून टॅक्सीने गेली. दुकानाच्या कामाशी तिचा संबंध नव्हता, ती गिऱ्हाईक म्हणून आली होती, हे तिने दारातच आकिबला ऐकवलं. त्याने खुर्ची आणली ती तिने परत पाठवली आणि रांगेत उभी राहिली. पुढे सात माणसं. मागे महादेव, अंगावर धुतलेला शर्ट, आणि वरून दुसऱ्या काजात इतरांपेक्षा वेगळं एक जांभळं बटण.

तिचा नंबर आला. काचेमागे महमूद बसला होता, आणि काच त्याची होती. तिला क्षणभर अझहर दिसला, कापडाच्या दुकानातला, दुसऱ्याच्या गल्ल्यावर. तिने गावच्या बहिणीसाठी आणलेले पैसे फटीतून आत सरकवले.

“कार्ड, अम्मा,” महमूद म्हणाला.

“घरी राहिलं.”

महमूदने मागे पाहिलं. आईच्या कार्डाचा नंबर त्याला तोंडपाठ होता, वीस पानं भरताना पन्नास वेळा लिहिला होता. रांग वाढत होती, पहिला दिवस होता, आणि समोर आई होती. तो टाइप करू लागला.

मागच्या काचेच्या खोलीचं दार उघडून सुहा बाहेर आली.

“बाबा, थांबा.” मग ती काचेजवळ येऊन म्हणाली, “दादी, कार्ड नाही तर पैसे जाणार नाहीत.”

“मी कोण आहे ते माहीत नाही तुला?”

“मला माहीत आहे. काउंटरला माहीत नाही.”

“एवढ्या लांबून टॅक्सीने आलेय. परत पाठवशील म्हाताऱ्या बाईला?”

सुहाचा चेहरा लाल झाला होता, पण ती जागची हलली नाही. “हो,” ती म्हणाली. “मी टॅक्सी बोलावते.”

शरीफुन्निसा नातीकडे बघत राहिली, इतका वेळ, की महमूदला आई आता इथेच तमाशा करणार असं वाटलं. मग तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि फटीतून सरकवलं.

“तुझ्या बापाला सांग,” ती म्हणाली, “तो नापास झाला.”

पैसे कुठून आले, सुहाने विचारलं. शिवणाचे, ती म्हणाली. म्हणजे काय लिहू, सुहाने हसू दाबत विचारलं. शिवणाचेच लिही, चाळीस वर्षं टिकलेत. कागद छापून आला. शरीफुन्निसाने तो वाचता येत असल्यासारखा नीट बघितला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. घरी बरणीत जागा होती. परत न आलेल्या एका बटणाची होतीच.

बाजूला होता होता ती महादेवकडे वळली.

“कार्ड आणलंयस ना रे?” तिने विचारलं. आवाज असा लावला, की रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जावं. “इथं ओळखीवर काही होत नाही.”